कोट झाला की

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी तोंडात टाचण्या धरून पुतळ्याशी भांडत होते. एका बाईंचा झगा पुतळ्याच्या खांद्यावरून सारखा घसरत होता आणि मी त्याला, म्हणजे पुतळ्याला, जरा ताठ उभं राहायला सांगत होते.

"ताठच उभा आहे मी," मागून आवाज आला.

वळून बघितलं. दारात एक उंच माणूस. हातात करड्या कापडाचं गाठोडं, तेही असं छातीशी धरलेलं की डॉक्टरला दाखवायला तान्हं बाळ आणलंय. टाचण्या तोंडात असल्या की माणसाला लाजता येत नाही, ओठाला टोचतं. म्हणून मी नुसतीच बघत राहिले... तोही बघत राहिला. पुतळ्याने तेवढ्यात झगा खाली टाकला.

"कोट शिवायचाय," तो म्हणाला.

माप मामाने घेतलं. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ आणि या दुकानाचा मालक, कारागीर, सगळंच. मी काउंटर सांभाळते. काउंटर सांभाळायचं म्हणजे गिऱ्हाइकांना तारखा द्यायच्या. मामा कपडे शिवतो, मी तारखा शिवते, आणि माझं काम त्याच्यापेक्षा झटपट होतं.

"कधी मिळेल?"

"गुरुवारी. नक्की. प्रॉमिस."

इथे जरा समजावून सांगायला हवं. आमच्या दुकानात 'प्रॉमिस' हा शब्द सुतळीसारखा वापरतात. बोलणं संपलं की त्याने गाठ मारायची, बास. गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक आहे. समारंभ महिन्याच्या शेवटी असला की ती सांगतात सुरुवातीला आहे. आम्ही सांगतो सुरुवातीलाच देऊ. ती खोटं बोलतात, आम्ही खोटं बोलतो, आणि ही दोन्ही खोटी मधे कुठेतरी एकमेकांना भेटून कपडा अगदी वेळेवर हातात पडतो. आमच्या अख्ख्या रस्त्याची अब्रू या व्यवस्थेवर चालते. आजवर कुणाची तक्रार नव्हती.

"गुरुवारी किती वाजता?" त्याने विचारलं.

मामाचं मशीन थांबलं. ते एरवी वीज गेली तरच थांबतं.

"चार," मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. तोंडात तेच आलं.

"दुपारी?"

"पहाटे आम्ही कोट देत नाही."

"बरं. चार. प्रॉमिस?"

हे आम्हाला कुणी मागत नाही. आम्ही आपणहून देतो, आल्यागेल्याला पाणी विचारतात तसं. मागितल्यावर कसं द्यायचं ते मला कळेना. मी मामाकडे बघितलं. मामाने सुईत दोरा ओवायला घेतला, जो आधीच ओवलेला होता.

"...प्रॉमिस," मी म्हटलं.

गुरुवारी भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले आणि तो आत आला. दोन्ही एकदमच झाल्यामुळे क्षणभर मला वाटलं, घड्याळातूनच आला.

"काज व्हायचेत फक्त," मामा म्हणाला.

गाठोडं मामाच्या पाठीमागच्या फळीवर होतं. त्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. ते त्याने बघितलं. मी बघितलं. मग त्याने बघितलं की मी बघितलं.

"बसतो," तो म्हणाला. "गुरुवार अजून आहे."

आणि खरोखरच बाकावर बसला. गुडघ्यांवर हात, नजर समोर. बस कधीच बंद झाली असताना थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे बघतात तसं येणारी-जाणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघत होती. एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "यांना कुणी सांगितलं नाही का गं?"

शेवटी मीच त्याच्याजवळ गेले.

"तुम्हाला राग नाही आला?"

"कशाचा?"

"अहो, कोट झालेला नाही."

"तुम्ही गुरुवार म्हणालात. तो संपला की राग आणायचा का ते बघू." मग म्हणाला, "मी लिफ्टा दुरुस्त करतो."

"अच्छा..." याच्यावर दुसरं काय म्हणतात.

"दोन मजल्यांच्या मधे माणूस अडकला ना, की त्याला आपण 'पाच मिनिटं' असं उगाच म्हणायचं नसतं. तो मोजायला लागतो. मग त्याच्याकडे आपला आवाज सोडून दुसरं काहीच नसतं. म्हणून मी आधी बघतो, मग सांगतो. आणि सांगितलं की करतो."

"आणि किती वेळ लागेल तेच कळत नसेल तर?"

"मग सांगतो, माहीत नाही. पण मी इथेच आहे."

तो हे अगदी साध्या आवाजात म्हणाला. लिफ्टबद्दलच म्हणाला. तरी मी उठून खडूला धार काढायला बसले. धार काढता काढता तो खडू संपला.

दुकान बंद करायच्या वेळी तो उठला. "संपला म्हणायचा का गुरुवार?"

"दुकानापुरता."

"मग आता?"

"पुढच्या गुरुवारी. चारला." आणि सवयीने, "प्रॉमिस."

रोज दहा जणांना म्हणते तोच शब्द. पण त्या दिवशी घरी जाताना तो शर्टाच्या लेबलासारखा मानेला टोचत राहिला. दोनदा मी मानेवरून हात फिरवून बघितला. लेबल नव्हतं.

मग तो दर गुरुवारी यायला लागला. पुढच्या गुरुवारी अस्तर यायचं होतं, त्याच्या पुढच्या गुरुवारी अस्तर आलं होतं पण बटणं यायची होती. तो ऐकून घ्यायचा आणि बाकावर बसायचा. बसल्या बसल्या त्याने आमचं करकरणारं शटर नीट केलं आणि इस्त्रीची वायर बदलून दिली. मामाच्या मशीनचा पेडल कुरकुरायचा, त्यालाही गप्प केलं. मामा म्हणाला, "कोटाआधी आपलं दुकान शिवून होतंय."

एका गुरुवारी बाहेर भुरभुर लागली होती. तो आला तेव्हा त्याच्या केसांवर बारीक थेंब होते आणि मी इस्त्री करत होते. वाफेत काहीही विचारता येतं. चेहरा नीट दिसत नाही.

"एवढा कशाला हवाय हो कोट?"

"आत्याला शब्द दिलाय."

"कोट घालायचा?"

"तिच्या मैत्रिणीची मुलगी आहे. आत्या कधीची मागे लागलीये, भेट एकदा, भेट एकदा. मी टाळत होतो. मग एकदा तोंडातून गेलं, धड कपडे नाहीत मला, कोट झाला की येतो भेटायला, नक्की. तिने त्याच संध्याकाळी कापड आणून दिलं."

इस्त्री हातात तशीच राहिली.

"कशी आहे?" मी विचारलं.

"चांगलं आहे. लोकरीचं."

"मुलगी."

"माहीत नाही. कोट झाला की कळेल." मग जरा वेळाने, "जळतंय काहीतरी."

एका गृहस्थांच्या विजारीवर तांबूस होडी उमटली होती. मी इस्त्री उचलली.

"आणि... आवडली तर?"

"तेवढं कुठे बोललोय. भेटायला येतो, इतकंच बोललोय." तो बाकावरून माझ्याकडे बघत होता. की विजारीकडे, माहीत नाही. "समजा, कोट झालाच नाही तर?"

"असं कसं? गुरुवारी होईल."

"हं," तो म्हणाला. "तुमच्यावर माझा विश्वास आहे."

आता हे मला सांगा. दर गुरुवारी ज्या दुकानात कोट होत नाही, त्या दुकानावर विश्वास आहे म्हणजे नेमका कशावर आहे? होण्यावर, की न होण्यावर? हसत असता तर कळलं असतं. हा माणूस हसताना फक्त एक भुवई हलवतो, आणि त्या दिवशी दोन्ही हलल्या. त्या आठवड्यात मी मोठ्या मापाच्या बाईंना लहान मापाची तारीख दिली आणि लहान मापाच्या बाईंना सरळ उद्या या म्हटलं.

एक मात्र माझं मला कळलं. आयुष्यात पहिल्यांदा मला आमच्या दुकानाचा अभिमान वाटायला लागला. इतका संथ कारागीर अख्ख्या गावात नव्हता. मामा असेपर्यंत काही काळजी नाही, असं मी स्वतःला सांगायचे.

आणि नेमका मामा बिघडला.

"हा माणूस मला झोपू देत नाही," शुक्रवारी सकाळी मामा म्हणाला. "चिडेल, ओरडेल, दुसरीकडे जाईल, काहीतरी करावं ना. नुसता विश्वास ठेवून बसतो. माझ्यावर इतका विश्वास तुझ्या मामीनेसुद्धा ठेवला नाही." आणि गाठोडं सोडलं.

मी बघतच राहिले. मामाने कापड बेतलं, पाठ जोडली, अस्तर बसवलं. इतर गिऱ्हाइकं येऊन आपापली खोटी सांगून जात होती, मामाचं लक्ष नव्हतं. शनिवारी डावी बाही लागली, सोमवारी उजवी. कोट पुतळ्यावर चढला आणि काचेच्या खिडकीत मला पाठ करून उभा राहिला. पुतळा एकदम कुणाच्या तरी भेटीला निघाल्यासारखा दिसायला लागला.

मामा जेवायला गेला तेव्हा मी उजवी बाही उसवली.

का, ते विचारू नका. मी स्वतःला विचारलं होतं, मलाही उत्तर मिळालं नाही.

जेवून आल्यावर मामा कोटासमोर उभा राहिला. "सकाळी दोन होत्या ना गं?"

"एकच," मी म्हटलं. "उजवी लावतो म्हणालास."

"लावतो म्हणालो?" मामा विचारात पडला. "मी म्हणालो असेन. म्हणतो मी तसं."

त्याने बाही पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी मी ती पुन्हा उसवली. मामा डोळे तपासून नवा चष्मा करून घेऊन आला. नव्या चष्म्यातूनही बाही एकच होती. मग त्याने कातर खाली ठेवली, माझ्यासमोर स्टुलावर बसला, आणि मला कधीच माहीत नसलेल्या आवाजात म्हणाला, "मामीला बोलू नकोस. हात गेले माझे. केलेलं आठवत नाही, न केलेलं केलंसं वाटतं. दुकान देऊन टाकतो कुणालातरी. उगाच लोकांचं कापड खराब व्हायचं."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मामा स्वतःचे तळवे उलटेसुलटे करून बघत होता.

"मामा," मी म्हटलं, "बाही मी उसवली."

मामाने चष्मा काढला. पुसला. घातला.

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

तो उठून कोटाजवळ गेला, खांद्याची कड उलटून बघितली. बराच वेळ बघितली.

"कापड कुठे ओढलं गेलेलं नाही," तो म्हणाला. "का उसवलीस?"

"माहीत नाही."

"माहीत नसताना कुणी इतकं जपून उसवत नाही." तो पुन्हा मशीनवर जाऊन बसला. "आता या चष्म्याचं काय करू मी?" आणि माझ्याकडे न बघता, "बाही तूच लाव. मी शिकवलंय तुला. आणि त्या माणसाला गुरुवारी चारला कोट दे. माझं नाव त्याच्यापाशी तरी खोटं व्हायला नको."

मी लावली. प्रत्येक टाका घालताना वाटायचं, एक चुकवावा. चुकवता आला नाही. तो ज्या आवाजात 'मी इथेच आहे' म्हणाला होता ना, त्या आवाजाच्या माणसाला वाकडी बाही कशी द्यायची? उलट इतकी सुरेख बाही मी जन्मात लावली नव्हती. लावून झाल्यावर रडायला आलं. कोट लोकरीचा होता, पाण्याचे डाग पडतात म्हणून लांब जाऊन रडले.

गुरुवारी चारला तो आला आणि दारातच थांबला.

"झाला?"

"झाला."

"पण..." त्याने मामाकडे बघितलं. मामा खाली मान घालून मशीनला तेल देत होता. "पण अस्तर, बटणं..."

"सगळं झालं. प्रॉमिस केलं होतं ना."

"ते तर तुम्ही दर गुरुवारी करता," तो म्हणाला, आणि ते टोमण्यासारखं नाही, गाऱ्हाण्यासारखं वाटलं.

त्याने कोट घातला. आरशासमोर उभा राहिला. काय सांगू... आरशाने एक पाऊल मागे घेतलं असतं, इतका छान दिसत होता. चेहरा मात्र असा की कोट नाही, पलिस्तर घातलंय.

"बाही लांब आहे," तो म्हणाला.

मशीनखालून मामाचा आवाज आला, "सूतभरही लांब नाही."

"मला लांब वाटतेय."

मी टेप लावला. मनगटाच्या हाडावर, बरोबर जिथे हवी तिथे बाही संपत होती. टेप धरलेली माझी बोटं त्याच्या मनगटाला लागली होती आणि त्याचे कान लाल झाले होते. हा माणूस चक्क खोटं बोलत होता. बहुतेक पहिल्यांदाच, कारण जमत अजिबात नव्हतं.

"लांब नाहीये," मी हळू म्हटलं.

"सोमवारी ही बाही लागलेली होती," तो तितक्याच हळू म्हणाला. "मग नव्हती. मंगळवारी सकाळी होती, दुपारी नव्हती."

"तुम्हाला कसं कळलं?"

"येता-जाता दिसतं काचेतून."

"या रस्त्याने कुठे जाता तुम्ही?"

"कोपऱ्यावरच्या इमारतीत. लिफ्टचं काम आहे."

"ती इमारत दुमजली आहे. तिला लिफ्टच नाही."

त्याचे कान आणखी लाल झाले. "...हो," तो म्हणाला. "नाही तिला लिफ्ट."

मशीनखाली तेलाचा डबा कलंडला. मामा काहीतरी पुटपुटला.

"मग बाहीचं विचारलं का नाहीत?"

"आधी वाटलं, शिवायची पद्धत असेल. मग वाटलं..." त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "जे वाटलं ते बरं वाटलं. म्हणून विचारलं नाही. आणि आज कोट तयार. आता मला काहीच कळत नाहीये. तुम्ही उसवत होतात, मग लावली का?"

"तुम्ही दिलेला शब्द पाळता म्हणून." बोलायला लागल्यावर मला थांबताच येईना. "तुम्ही गेला नाहीत तर तुम्ही आमच्यासारखेच व्हाल. तसे लोक मला रोज भेटतात हो. आणि तुम्ही गेलात तर... गेलात. म्हणजे तुम्ही जसे आहात तसेच मला हवे असाल, तर तुम्हाला जावंच लागणार. यातून मार्ग काढून बघितला मी. निघत नाही. तुम्ही जा."

त्याने कोटाच्या नव्या खिशात हात घालून बघितला, फोन जुन्या शर्टात होता, तो काढला आणि माझ्यासमोरच लावला.

"आत्या, कोट झाला."

"काय सांगतोस?" आत्याचा आवाज स्पीकर न लावताही लावल्यासारखा. "त्या दुकानात? खरंच?"

मामाने दुखावलेल्या चेहऱ्याने वर बघितलं.

"रविवारी येतो भेटायला. शब्द दिला होता तुला."

"ये रे सोन्या, ये."

"दोघं येऊ."

"दोघं कोण?"

त्याने फोनवर तळवा ठेवला. "रविवारी मोकळी आहेस?" त्याने विचारलं.

आहेस. इतके गुरुवार मी 'तुम्ही' होते, आणि हा असा अचानक...

"मी? तिथे? तुम्ही... तू वेडा आहेस का?"

"त्या मुलीला भेटतो म्हणालो होतो, तर भेटेन. आणि तोंडावर सांगेन की माझं मन दुसरीकडे आहे. हे फोनवर सांगणं बरं नाही. पण दुसरीकडे म्हणजे कुठे, असं आत्या विचारणारच. तिला बघितल्याशिवाय काही पटत नाही."

"हा जगातला सगळ्यात वाईट बेत आहे."

"हो."

"त्या मुलीला काय वाटेल?"

"सुटल्यासारखं. तिने परवाच निरोप पाठवला होता, कोटाची घाई करू नका, अस्तर नीट बसू द्या, वर्षभर लागलं तरी चालेल."

तळव्याखालून आत्या ओरडत होती. "हॅलो? अरे कोण येणार आहे? नक्की येणार आहे का?"

माझ्या डोक्यात शिलाईच्या दोऱ्याचा गुंता झाला होता आणि टोक सापडत नव्हतं. तेवढ्यात मामा तेलकट हात पुसत उठला, त्याच्या हातातून फोन घेतला आणि घसा साफ केला.

"नमस्कार ताई. मास्तर बोलतोय. मुलगी माझी भाची आहे. रविवारी नक्की पाठवतो, प्रॉ—"

मी फोन हिसकावला. तो शब्द नको होता. निदान या कामाला नको होता.

"आत्या, मी बोलतेय. काउंटरवरची."

"बोल."

"मी येणार आहे."

"नक्की ना?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो बघत होता, दोन्ही भुवया वर. या वेळी त्याचा अर्थ लावायची गरज वाटली नाही.

"तुमच्यासमोर येऊन काय बोलायचं ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "काय घालायचं तेही माहीत नाही. तुम्ही मला घरात घ्याल का, तेही. पण येतेय."

पलीकडून आत्याचा आवाज, जरा खाली आलेला, "बरं. मला एक सांग गं. कोट बरा दिसतो का त्याला?"

"नक्की," मी म्हटलं.